नातवंडं रात्रीच्या गाडीनं निघणार आहेत: कोल्हापुरातला शेवटचा दिवस कसा आखावा

सुट्टीला आलेली नातवंडं परत निघायची वेळ आली की राहिलेलं सगळं त्या एका दिवसावर येऊन पडतं. पन्हाळा राहिला, जोतिबा राहिला, चुलत आजीकडे जेवायला जायचं राहिलं, चपला घ्यायच्या राहिल्या, बॅगा भरायच्या राहिल्या. मग सकाळपासून पळापळ होते, पोरं दमून किरकिरी होतात, आजोबांचे गुडघे दुखायला लागतात आणि स्टेशनवर कुणालाच कुणाशी धड बोलता येत नाही.

त्या दिवसासाठी मी तीन गोष्टी धरून चालते. शहर सोडायचं नाही. दुपार घरात काढायची. आणि प्रत्येक नातवंडाचं एकेक मागणं, लहान का असेना, पुरं करायचं. बाकीची आखणी या तिन्हींच्या भोवती होते. मुंबईकडे महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सुटते, पुण्या-मुंबईच्या बऱ्याच खासगी बसही रात्रीच्या असतात, म्हणून खालचा दिवस रात्री निघणाऱ्यांसाठी मांडला आहे. सकाळच्या गाडीनं जायचं असेल तर आदला दिवस शेवटचा समजा आणि हेच सगळं एक दिवस आधी करा.

आदल्या दिवशी उरकायची कामं

बॅगा आदल्या रात्री भरून दाराशी लावायच्या. शेवटच्या दिवशी बाहेर ठेवायचा तो फक्त प्रवासाचा एक जोड, दात घासायचं सामान आणि औषधं. लेक किंवा सूनबाई म्हणेल, "आई, उद्या दुपारी भरते की." ऐकू नका. दुपारी बॅग उघडली की घर त्यातच गुंतून पडतं आणि आजी-आजोबांच्या वाट्याला नुसती शोधाशोध येते.

खाऊसुद्धा आदल्या दिवशीच बांधायचा. कांदा-लसूण चटणी काचेच्या बरणीत देऊ नका. स्टीलच्या डब्यात दाबून भरा, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घाला आणि डबा पिशवीत गुंडाळून कपड्यांपासून लांब ठेवा. त्या तेलाचा डाग निघता निघत नाही. काकवीची बाटली गळ्यापर्यंत भरू नये, वर दोन बोटं जागा सोडावी आणि बूच चिकटपट्टीनं बंद करावं. गूळ, भडंग, चकली, शेंगदाण्याचे लाडू प्रवासाला उत्तम. बासुंदी आणि खव्याचे पदार्थ मात्र उन्हाळ्यात रात्रभराच्या प्रवासात टिकत नाहीत, ते इथंच खाऊन संपवावेत. गूळ घेताना एक बघा. अगदी पिवळाधमक, चकचकीत गूळ पोरांना आवडतो, पण रसायन कमी घातलेला गूळ सहसा गडद असतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे हे नातवंडांना सांगितलंत तर डबा जरा जपून नेतात.

मग संध्याकाळी पोरांना जवळ घेऊन विचारायचं, "उद्या काय करायचं?" मोघम विचारलं तर सगळी एकदम ओरडतात आणि मोठा जिंकतो. त्यापेक्षा प्रत्येकाला चिठ्ठी द्या. लिहिता येत नसेल तर चित्र काढू दे. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. आमच्याकडे लहान्याच्या चिठ्ठीवर कधी म्हैस असते, तर मोठीच्या चिठ्ठीवर "काहीच नाही, झोपायचंय". तेही मागणंच आहे, तिला झोपू द्यावं. पन्हाळ्यासारखं मोठं मागणं आलं तर नाही म्हणायच्या आधी घड्याळ बघा. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे, पण तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी असं नीट बघायचं तर अर्धा दिवस पुरत नाही. आणि १६६० सालच्या वेढ्याची, सिद्दी जौहरची, पावसाळी रात्री महाराज निसटले त्याची गोष्ट गडबडीत सांगून उरकायची नसते. पन्हाळा पुढच्या सुट्टीसाठी राखून ठेवा आणि पोरांना तसं सांगूनही टाका. नृसिंहवाडी, खिद्रापूर, जोतिबा हेही तसंच, मुक्कामाच्या मधल्या दिवसांचं काम.

संग्रहालयाला जायचा बेत असेल तर ते उद्या उघडं आहे का, किती वाजता उघडतं, हे आदल्या दिवशीच फोनवर विचारून घ्या. बंद दारापाशी उभ्या राहिलेल्या पाच वर्षांच्या पोराची समजूत घालणं फार जड जातं.

सकाळ: अंबाबाई आणि आसपास

पहाटे, ऊन चढायच्या आत देवळात पोचावं. उन्हाळ्यात आठ-नऊनंतर आवारातली फरशी तापायला लागते आणि अनवाणी पोरं एका पायावर नाचायला लागतात. मंगळवारी, शुक्रवारी आणि सुट्टीच्या दिवशी रांग लांब असते. रांगेत उभं राहणं आजोबांना जमणार नसेल तर मुखदर्शन, म्हणजे लांबूनच देवीचं दर्शन घ्या, त्यात काही उणं नाही. देवीला डोळे भरून बघितलं की झालं.

आत शिरण्याआधी हरवलं तर कुठं भेटायचं हे ठरवायचं. देवळाला चार बाजूंनी दरवाजे आहेत: पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, दक्षिणेला विद्यापीठ दरवाजा आणि पूर्व दरवाजा. पोरांना "बाहेर भेटू" म्हणालात तर चार ठिकाणं होतात. एकच दरवाजा ठरवा, तो त्यांना आधी नेऊन दाखवा आणि घरच्या मोठ्यांचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून लहानांच्या खिशात घाला.

दर्शन झाल्यावर घाईनं बाहेर पडू नका. पोरांना देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरून एक फेरी मारायला लावा. वाद्य वाजवणारी, नाचणारी, आरशात बघणारी अशा किती मूर्ती सापडतात ते मोजायला सांगा, आपण आवारात कुठंतरी टेकून बसावं. देवीचं तोंड पश्चिमेला आहे हे दाखवा. म्हणूनच ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतात, तोच किरणोत्सव. दिवाळीची सुट्टी त्या सुमारास आली तर संध्याकाळी देवळात तुडुंब गर्दी असणार हे धरून चाला.

देवळातून भवानी मंडप पायी अगदी जवळ, आणि तिथून खासबाग मैदानही हाकेच्या अंतरावर. गुडघे साथ देत असतील तर एवढं चालावंच. खासबागेची गोष्ट पोरांना मैदानाच्या काठावर उभं करूनच सांगायला हवी. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, रोममधलं जुनं गोल क्रीडागार त्यांनी पाहिलं, आणि आपल्या पैलवानांसाठी तसं काही असावं असं त्यांच्या मनानं घेतलं. १९१२ साली हे मैदान उभं राहिलं. मधे कुस्तीचा हौदा आणि भोवती वर वर चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळे शेवटच्या माणसालाही लढत दिसते, पुढच्याचं डोकं आड येत नाही. नातवाला वरच्या कडेला उभं करा, स्वतः खाली थांबा आणि विचारा, "मी दिसतोय का रे?" इतिहासाच्या पुस्तकातलं पान त्याला तिथं कळेल. आठवी-नववीतली नात असेल तर तिला पुढचंही सांगा. त्याच १९०२ च्या जुलैत, महाराज विलायतेत असतानाच, करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या समाजांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. शाळेत ती आरक्षणावर वाद ऐकत असते, ते सुरू झालं ते आपल्या गावात, हे तिला आजोबांच्या तोंडून कळलेलं बरं.

कुणाच्या चिठ्ठीवर पैलवान असतील तर गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी गावात आहेत. पण तालीम हे बघायचं ठिकाण नाही, पोरं तिथं मेहनत करत असतात. वस्तादांना आधी विचारा, विशेषतः नात बरोबर असेल तर, कारण प्रत्येक तालमीची रीत वेगळी. चपला बाहेर काढा आणि आखाड्याच्या मातीत परवानगीशिवाय पाय ठेवू नका. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळतात. आजोबांनी तरुणपणी जोर-बैठका काढल्या असतील तर ती माती हातात घेऊन बोलायचा मान त्यांचाच.

मग मिसळ. गावात कुणाची मिसळ खरी यावर घराघरांत भांडणं आहेत, मी त्यात पडत नाही. शेवटच्या दिवशी घराजवळची, बसायला नीट जागा असलेली धरा. नावाजलेल्या ठिकाणी रविवारी ताटकळावं लागतं आणि दुपारच्या आत मिसळ संपलेली असते. लहानांसाठी कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागवा. मटकी, शेव, दही आणि पाव एवढ्यावर त्यांचं भागतं. मोठा नातू कटाची वाटी संपवून दाखवायला निघाला तर रात्रीच्या प्रवासाची आठवण करून द्या.

देऊळ नको असेल तर

सगळ्याच घरांची सकाळ देवळात जात नाही. न्यू पॅलेसमधलं शहाजी छत्रपती म्युझियम पोरांना हमखास आवडतं. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला हा राजवाडा मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदानं उभारला. आत पेंढा भरलेली जनावरं, शस्त्रं आणि दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. अगदी लहान मुलं पेंढ्यातल्या वाघाला घाबरतात, आधी सांगून ठेवा. फोटो काढू देतात का ते दारातच विचारून घ्या.

कमी चालायचं असेल तर टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय. छोटं आहे, अर्ध्या-पाऊण तासात होतं, आणि बाहेर बागेत मोठी झाडं आणि बसायला सावली. आत ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत. त्यात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची लहानशी मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी समुद्रापलीकडचा देव कसा आला, हे पोरांना विचारा आणि त्यांना हवी तेवढी उत्तरं देऊ द्या. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावाचा व्यापार रोमपर्यंत पोचत होता, हे खरं उत्तर त्यांच्या उत्तरांनंतर सांगा.

शहर सोडायचं नाही या नियमाला मी एकच सवलत देते, ती कणेरी मठाला. तीसुद्धा मुलगा किंवा जावई स्वतःची गाडी घेऊन बंगळूर, बेळगावकडे निघणार असेल तेव्हाच. मठ गोकुळ शिरगावच्या बाजूला, म्हणजे त्यांच्या वाटेवरच येतो. तुम्ही दुसऱ्या गाडीनं तिथपर्यंत सोबत जा, सकाळ एकत्र घालवा आणि निरोप तिथंच घ्या. पुण्याकडे जाणाऱ्यांना तो उलट्या दिशेला पडतो.

तिथल्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात जुनं गाव माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांमधून उभं केलं आहे: कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, नांगरणी, मळणी, विहिरीवरची मोट, ओट्यावर दळण दळणाऱ्या बायका. इथं माहितीपाटी वाचायची गरज आजी-आजोबांना पडत नाही. आजीनं जात्यावर दळलेलं असतं, आजोबांनी मोटेच्या पाण्यात अंघोळ केलेली असते. म्हणून इथं फिरताना "हे बघ, ते बघ" करत पुढं पळू नये. पाच-सहा ठिकाणी थांबावं आणि स्वतःचं सांगावं: आमच्या घरी कोण दळायचं, बलुतं म्हणून कुणाला किती जोंधळा द्यायचे, मोटेला बैल कुठले होते, त्यांची नावं काय. पोरं बैलांची नावं विसरत नाहीत. बलुत्याची गोष्ट सांगताना कुणाला ओट्यावर चढू देत नसत, कुणाचं पाणी वेगळं होतं, हेही सांगावं. मोठ्या नातवंडांना खरं गाव कळायला हवं. संग्रहालयात चालणं बरंच आहे, तेव्हा सकाळी उघडतानाच जा, टोप्या आणि पाणी घ्या, आणि आजोबांना सगळं बघायचा हट्ट धरू देऊ नका.

दुपार: घर

साडेअकरा-बारापर्यंत घरी परत. ही दुपार मला सगळ्या दिवसात महत्त्वाची वाटते, आणि तीच सगळ्यात आधी कापली जाते.

जेवणात तांबडा-पांढरा हवाच असा हट्ट बहुतेक घरांत असतो. करा, पण मटण सकाळी निघायच्या आधी शिजवून ठेवा, म्हणजे आल्यावर फक्त रस्से फोडणीला टाकायचे. पांढरा रस्सा नारळाचं दूध, खसखस, काजू यांचा, तिखट नसलेला, म्हणून तो लहानांना द्या. शाकाहारी घरात झुणका, भाकरी, खर्डा आणि दही. खर्डा पोरांच्या पानापासून लांब. भाकरी थापायला नातवंडांना परातीपाशी बसवा. भारताच्या नकाशासारखी झाली तरी तीच त्यांच्या पानात वाढा.

जेवल्यावर दोन तास कुणालाही कुठं न्यायचं नाही. आजोबांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या वेळेवर जाऊ देत. कोण झोपेल, कोण पत्ते खेळेल. या वेळात एक काम मात्र जरूर करा. मोठ्या नातवाच्या हातात फोन द्या आणि आजीच्या किंवा आजोबांच्या आवाजात एक गोष्ट ध्वनिमुद्रित करायला सांगा. "काहीतरी बोला" म्हटलं की माणूस गप्प होतो, म्हणून विषय ठरवून द्यावा: पहिली नोकरी, लग्नाची वरात, १९८९ चा पूर, रंकाळा तलावात पोहायला शिकलेला दिवस. दहा मिनिटं पुरे. व्हिडिओपेक्षा नुसता आवाज बरा, कॅमेऱ्यापुढे म्हातारी माणसं पदर सावरण्यात आणि टोपी नीट करण्यात अडकतात.

मे महिन्यात दुपारी ढग भरून आले तर वळीव येणार. संध्याकाळचा बेत मग तासभर पुढं ढकलावा लागतो, झाडाखाली थांबू नये. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून असेल तर पंचगंगा घाटाकडे पोरांना नेऊच नका. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्यांना हे सांगायला नको, पण बाहेरगावच्या जावयांना पाणी बघायची हौस असते.

संध्याकाळ: चप्पल, म्हैस, रंकाळा

ऊन उतरल्यावर निघा. ओळखीच्या रिक्षावाल्याला दोन-तीन तासांसाठी ठरवून ठेवा. महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धी संध्याकाळ जाते.

चप्पल घ्यायची तर आधी तिथं, कारण दिवसभर चालून पाऊल थोडं सुजलेलं असतं आणि माप बरोबर लागतं. मोठ्यांना चप्पल किंचित घट्टच घ्यावी, कातडं वापरून सैल होतं. लहानांना मऊ कातड्याची, अंगठ्याला न टोचणारी. दुकानात चार पावलं चालायला लावा. घरी गेल्यावर आतून तेलाचं बोट फिरवायचं, पहिले काही दिवस घरातच थोडा थोडा वेळ घालायची आणि पाण्यात न्यायची नाही, हे सूनबाईला सांगून ठेवा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिराच्या हातची चप्पल घेताना फार घासाघीस करू नये, पोरं बघत असतात.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून समोर धार काढून देतात. शहरात वाढलेल्या पोरांना पिशवीतलं दूध ठाऊक असतं, चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज नसतो. लहानांना म्हशीच्या मागं उभं करू नका, मालकाला विचारूनच हात लावू द्या. आपण लहानपणी धारोष्ण दूध प्यायलो, तरी मी नातवंडांना ते तिथं देत नाही. कच्च्या दुधातून पोट बिघडू शकतं आणि रात्रभर गाडीत काढायची असते. दूध घरी आणावं, उकळावं आणि निघताना कपभर द्यावं.

शेवट रंकाळ्यावर. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा आणि एकच जागा धरून बसा. पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस दिसतो, पाणी उतरलेलं असेल तर तळ्यातला जुना दगडी संध्यामठही उघडा पडतो. लहानांना कठड्यापासून आत ठेवा. भेळ घ्यायची तर ओली नको, सुकी, समोर कालवलेली. आईस्क्रीमचा हट्ट असेल तर पुरवा. आणि इथं आई-वडिलांनी थोडं लांब फिरून यावं, अर्धा तास नातवंडं आणि आजी-आजोबा एवढेच असावेत. काय बोलायचं ते ठरवावं लागत नाही.

स्टेशनवर

गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर पोचायचं तर घरून त्याआधी निघावं लागतं, म्हणजे रंकाळ्यावरून उठायची वेळ घड्याळ बघून पक्की करा आणि पोरांना पंधरा मिनिटं आधी सांगा. घरी वरण-भात किंवा दूध-भात, हलकंच. औक्षण, दही-साखर घरीच उरका. आजोबांना फलाटावरचा जिना झेपत नसेल तर घरूनच निरोप घ्यावा. दाराशी नीट घेतलेला निरोप धापा टाकत घेतलेल्यापेक्षा चांगला.

लहान मूल रडायला लागलं तर "उद्या परत ये" असं खोटं सांगू नये आणि त्याची नजर चुकवून निघूनही जाऊ नये. पुढची भेट कधी ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगा: गणपतीला, दिवाळीला, शाळेच्या परीक्षेनंतर. पन्हाळा राखून ठेवलाय, तो तेव्हा करू. "तुम्ही गेलात की घर खायला उठतं" हे पोरांपुढं दिवसभर बोलू नका. ते खरं असतं, पण आठ वर्षांच्या पोरानं ते ओझं घेऊन गाडीत बसू नये. लेकीशी किंवा मुलाशी जरूर बोला, त्यांना ते ऐकायचं असतं.

दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी काहीतरी ठरवून ठेवा: भजनी मंडळ, बागेतला कट्टा, बहिणीकडे जेवण. पोचल्याचा फोन येतोच, पण लगेच तासभर व्हिडिओ कॉलचा आग्रह नको, ती दमलेली असतात. दोन दिवसांनी ठरलेल्या वेळी करा. घर आवरताना पलंगाखाली एखादा मोजा, चार्जर, चित्रकलेची वही सापडणारच. ते सगळं एका पिशवीत जमवा आणि आठवड्याभरानं कुरिअर करताना त्यात चटणीचा आणखी एक डबा घाला, पहिला तोवर संपत आलेला असतो.